लाइनपारची दारं

टेबलावरची चादर उचलली आणि माझा हात तसाच वर राहिला.

स्टेशन जागेवर होतं. पाण्याची टाकी होती, हात वरखाली होणारा जुना सिग्नल होता, फलाटावरचं लाकडी कुंपण होतं. फक्त रुळांच्या पलीकडे, जिथे आदल्या दिवसापर्यंत लाइनपारची घरं होती, तिथे हिरवळ पसरलेली होती. बंगल्यापुढच्या लॉनसारखी, एकसारखी, गुळगुळीत हिरवळ. तिच्यावर दोन गोल झाडं आणि एक बाक.

"इंगोले," मी म्हणाले, "इथली घरं कुठे गेली?"

जयंत इंगोले टेबलाखाली बसून वायरी जोडत होते. अकोल्यात त्यांचं इलेक्ट्रिकचं दुकान होतं आणि आमच्या सगळ्या गाड्या त्यांच्या जोडणीवर धावायच्या. ते बाहेर आले, बघितलं, चष्मा शर्टाला पुसून पुन्हा बघितलं.

"काल संध्याकाळी मी निघालो तेव्हा होती, मॅडम. आईशप्पथ."

"तुमच्यानंतर कोण थांबलं होतं?"

त्यांनी हनुवटीनेच दाराकडे खूण केली. प्रदर्शनासाठी घेतलेल्या शाळेच्या सभागृहाची किल्ली एकाच माणसाकडे होती, आणि तो माणूस त्या वेळी दारात उभा राहून स्वागताच्या फुलांची माळ सरळ करत होता.

हे सगळं घडलं त्याला आता बरीच वर्षं झाली. मी दातांची डॉक्टर. दवाखाना संपवून घरी आले की माझा दुसरा उद्योग सुरू व्हायचा. दातांचं प्लास्टर, कोरायची हत्यारं, बारीक ब्रश, सगळं घरात होतंच. त्यातून मी रेल्वेच्या बारक्या प्रतिकृती, घरं, पूल, स्टेशनं बनवायला लागले. पुढे आम्ही सहा-सात वेडे एकत्र आलो, मंडळ काढलं आणि ठरवलं की बंद पडलेली आपली छोटी, अरुंद रुळांची लाइन जशीच्या तशी उभी करायची, सत्त्याऐंशी पट लहान. प्रत्येकाने आपापल्या घरी एकेक फळी बनवायची, तिच्यावर लाइनीचा एक भाग. सगळ्या फळ्या खालून नटबोल्टने जोडल्या की सबंध लाइन तयार. माझ्या वाट्याला सावरखेड आलं. आलं म्हणजे मीच मागून घेतलं. कॉलेजात असताना दर सोमवारी मी त्या गाडीने गावाहून अकोल्याला यायची. सावरखेडला इंजिन पाणी प्यायचं आणि गाडी हलायचं नाव घ्यायची नाही. मग लाइनपारच्या बाया टोपल्यांत बोरं, पेरू, उकडलेल्या शेंगा घेऊन खिडकीशी यायच्या. प्यायला पाणी द्यायच्या. ही वस्ती आजकालची नव्हती. लाइन टाकायला आणलेल्या मजुरांची ती नातवंडं-पतवंडं. रूळ ज्यांनी अंथरले त्यांचीच. गाडी बंद पडल्यावर काही वर्षांनी ती वस्ती उठवली, आणि आता तिथे दुकानांच्या रांगा आहेत.

मंडळाचे अध्यक्ष विश्वास देशकर. रेल्वेतून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्याइतका काटेकोर माणूस मी दुसरा पाहिला नाही. इंगोलेंनी पाण्याची टाकी बनवली तेव्हा तिच्या एका पत्र्यावर बोल्ट कमी आहेत म्हणून त्यांनी ती परत करायला लावली. सिग्नलचा हात जरा जास्त झुकलाय म्हणून माझ्याकडून तीनदा बदलून घेतला. "डॉक्टर, मनाचं काही नको," असं म्हणायचे. "जसं होतं तसं. नाहीतर ही खेळणी होतील." त्यांच्या या बोलण्यावर माझी फार श्रद्धा होती, हे मुद्दाम सांगते. त्यांनी नाक मुरडलं की मी घरी जाऊन काम उकलायची आणि पुन्हा करायची.

म्हणून मी सरळ दारात गेले.

"देशकरसाहेब, लाइनपार कुणी काढली?"

"मी," ते म्हणाले. माळ सोडून माझ्याकडे वळले, अगदी शांतपणे. "तुम्हाला कालच फोन करणार होतो. घाबरू नका, एकही घर मोडलेलं नाही. कौलसुद्धा निघालं नाही. कापसात गुंडाळून खोक्यात ठेवलीत."

खोकं त्यांनी दारामागच्या टेबलाखालून काढलं आणि माझ्या हातात दिलं. झाकण उघडून बघितलं. खरंच, एकेक घर वेगळं गुंडाळलेलं. पातळ पातं खाली सरकवून, गोंद हळूहळू सोडवून काढलेलं. तास न् तास लागले असतील त्यांना. तोडफोड केली असती तर मला एवढा संताप आला नसता. इतकं जपून केलं होतं, म्हणून अंगाची आग आग झाली.

"का?"

"हे बघा, आज मोठे लोक येतायत. छोट्या लाइनीचा गौरव आहे हा. त्यात मधोमध झोपड्या बऱ्या दिसतात का?"

"तिथे होत्या त्या."

"अतिक्रमण होतं ते. रेल्वेच्या कुठल्याही नकाशात ती वस्ती नाही."

"नकाशात बोरांच्या टोपल्या नाहीत, म्हशी नाहीत. इंगोलेंनी फलाटावर झोपलेला कुत्रा ठेवलाय, तो कुठल्या नकाशात आहे? तो चालतो तुम्हाला?"

"कुत्रा वेगळा."

"कुत्रा चालतो आणि माणसं नाही?"

माझा आवाज चढला होता. खुर्च्या लावणारे लोक थांबून बघायला लागले. देशकरांनी आवाज आणखी खाली आणला. समोरची बाई चिडली की काही पुरुष असं करतात. आपण किती समजूतदार आहोत हे चारचौघांना दिसावं म्हणून.

"डॉक्टर, तुम्ही भावनेच्या आहारी जाताय. आपला विषय रेल्वे आहे. वस्ती हा रेल्वेचा भाग नव्हे."

"रूळ कुणी टाकले?"

"अं?"

"सावरखेडचे रूळ कुणी टाकले, देशकरसाहेब? बोल्ट तुम्हाला पाठ आहेत. ते पिळणारे कोण होते?"

त्यांनी घड्याळ बघितलं. "पाहुणे निघालेत. हे आपण नंतर बोलू." आणि पुन्हा माळेकडे वळले. माझ्याकडे पाठ करून.

मी परत टेबलाकडे आले, पर्स खुर्चीवर ठेवली, पदर खोचला आणि टेबलाखाली शिरले. माझ्या फळीच्या दोन्ही टोकांना दोन-दोन नट होते. पहिला सहज फिरला. दुसरा घट्ट होता. तो सोडवताना नख मोडलं.

"मॅडम," इंगोले खाली वाकून कुजबुजले, "काय करताय?"

"माझी फळी घेऊन जातेय."

"मधली आहे ती. गाडी जाणारच नाही पुढे."

"मला माहीत आहे."

मला वाटलं आता हे मला समजावतील. त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं, माझ्या मोडलेल्या नखाकडे पाहिलं आणि मग जसं काही नेहमीचंच काम आहे तसं माझ्या फळीच्या वायरी एकेक करून उपसल्या. "त्या टोकाचा नट मी काढतो," ते म्हणाले. "तो गंजलाय. तुम्हाला नाही यायचा."

घरांचं खोकं फळीवर ठेवून ती उचलून आम्ही दाराशी आलो तेव्हा देशकरांचा तो शांतपणा पहिल्यांदा गेला.

"हे काय चाललंय? मंडळाचं काम उधळताय तुम्ही!"

"बाकीच्यांच्या फळ्या इथेच आहेत. ही माझी आहे. लाकूड माझं, हात माझे."

"दोन वर्षांची मेहनत आहे सगळ्यांची!"

"माझीही होती. ती तुम्ही उपटलीत."

"अहो, एवढ्याशा गोष्टीवरून..."

"एवढीशी असती तर तुम्ही एकटे थांबून केली नसती," मी म्हणाले. "आम्हाला विचारून केली असती. बाजूला व्हा."

ते झाले बाजूला. फळी माझ्या गाडीत मावेना, म्हणून इंगोलेंच्या टेम्पोत ठेवली. हिरवळ मी रस्त्यातच नखाने खरवडायला लागले. रंगवलेला लाकडाचा भुसा होता नुसता. साडीभर हिरवा चुरा झाला.

मला घरी सोडून इंगोले परत गेले; पुढचं त्यांनीच मला नंतर सांगितलं. पाहुणे आले, फीत कापली, गाडी सुटली. हुबेहूब शिट्टी वाजवत छोटं इंजिन पुलावरून आलं, वळणावरून आलं आणि फळी संपली तिथे थांबलं. पुढे चार हात मोकळी हवा, आणि तिच्यापलीकडे पुन्हा रूळ. पाहुण्यांनी विचारलं, इथे काय होतं? देशकर म्हणाले, तांत्रिक अडचण आहे. मग गाडी उलटी फिरवून परत आणली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पंधरवडाभर माझा फोन वाजत होता. मंडळातला एकेक जण समजूत घालायला. एक म्हणाला, "डॉक्टर, देशकरांची माफी मागायला नका येऊ, पण फळी तरी पाठवा." दुसरा म्हणाला, "तुम्ही बायका फार मनाला लावून घेता." तिसऱ्याने कहर केला. "शेवटी खेळच आहे हो तो," असं म्हणाला. दोन वर्षं एका बोल्टवरून आमचे रविवार वाया घालवणाऱ्या लोकांना माणसं उपटल्यावर एकदम आठवलं की हा खेळ आहे! मी फोन ठेवून दिला. मग पुढचे उचललेच नाहीत.

घरं मी पुन्हा जागेवर बसवली. पण राग काही बसेना. कुणाला दाखवायची ही? भिंतीला? एके दिवशी इंगोले दुकानातून फोन करून म्हणाले, "मॅडम, लाइनपारचे लोक कुठे आहेत माहितीये तुम्हाला? माळावर. आमच्या दुकानात फ्यूज न्यायला येतात. वस्तीचं नाव अजून लाइनपारच आहे."

"तिथे कुठली लाइन?"

"कुठलीच नाही. बससुद्धा नाही."

पुढच्या रविवारी टेम्पो घेऊन आम्ही गेलो. गावापासून दूर, मुरमाड माळावर वस्ती होती. समाजमंदिराच्या ओट्यावर फळी ठेवली. मी चादर काढली. बघता बघता लोक गोळा झाले. म्हातारी माणसं पुढे, बाकीचे त्यांच्या खांद्यावरून वाकून. मी उभी होते छाती फुगवून. मनात म्हणत होते, बघा, त्यांनी काढून टाकलं, मी आणलंय.

झिंगूबाई नावाची एक म्हातारी फळीभोवती हळूहळू फिरून मागच्या बाजूला गेली. तिथे घरांना मी काहीच केलं नव्हतं. नुसतं पांढरं प्लास्टर. बघणारे पुढून बघतात, मागची बाजू कुणाला दिसत नाही, म्हणून आम्ही कुणीच ती रंगवत नसू.

ती तिथे थांबली. मग पुढे आली. पुन्हा मागे गेली. आणि हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला.

"काय झालं, आजी?"

"बाई वो, आमची घरं तुम्ही उलटी बसवली!"

"उलटी?"

"लाइनीकडे दार कोनी ठेवते का? लेकरं रुळावर जातीन ना! हे आमची मांगची भित होय. इथं गवऱ्या थापत होतो आम्ही." तिने कोऱ्या प्लास्टरवर बोट ठेवलं. "दारं इकडे होते. आंगन इकडे. तुम्ही गाडीतून पायलं आसंन."

सगळे हसले. इंगोलेही हसले. इतकी वर्षं, दर सोमवारी, खिडकीत बसून मी लाइनपार बघितली होती, आणि बघितल्या होत्या त्या त्यांच्या पाठी. त्यांची दारं मला एकदाही दिसली नव्हती. बाया घराला वळसा घालून टोपल्या आणायच्या, तर मी भिंतींना दारं पाडून मोकळी झाले.

मग काय, सगळे एकदम बोलायला लागले. आमचं दार निळं होतं. आमच्या अंगणात पपई होती. यांची बकरी या खुंट्याला. मी कागद शोधत होते तर एकाने कोळसा आणून ओट्यावरच आखायला सुरुवात केली. आणि मग कुणीतरी विचारलं, "अन् विहीर?"

"कोणती विहीर?" मी म्हणाले.

सगळे फळीवर वाकले. विहीर नाही हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं होतं. लाइन टाकायला आलेल्या पहिल्या माणसांनी खोदलेली विहीर. घरांच्या पलीकडे असल्यामुळे गाडीतून दिसायचीच नाही. कुठे होती यावर भांडण लागलं. कुणी म्हणे तुळशीरामच्या अंगणापाशी, कुणी म्हणे निंबाखाली.

"देशकरसायबाले इचारा ना," झिंगूबाई म्हणाली. "थ्याइनं तं फीत टाकून मापली होती."

मला वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली. "कोणते देशकरसाहेब?"

"आपले इंजिनेरसायेब. स्टेशनाच्या बंगल्यात रायत होते थे. चार-पाच वर्सं होते. आमच्या विहिरीचं पानी जात होतं बंगल्यावर. गोड पानी होतं ना. मीच नेऊन देत होतो."

मी ओट्यावर बसले. दोन वर्षांत देशकर सावरखेडबद्दल कितीतरी बोलले होते. फलाटाची उंची, टाकीचा रंग, सिग्नलची जागा. सगळं नकाशांवरून सांगतोय असं म्हणायचे. तिथे राहिलो, तिथलं पाणी प्यालो, हे एकदाही बोलले नव्हते.

"आणि वस्ती उठवली तेव्हा?" मी विचारलं.

"थेच होते ना. मोठा सायेब आला होता, बाहीरचा, हिंदी बोलनारा. त्यानं देशकरसायबाले इचारलं, यहाँ कोई रहता है क्या? हे म्हने, नहीं साब, कोई नहीं रहता, ऐसेही झोपडे डाल रखे हैं।" झिंगूबाईने हे अगदी सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा करून सांगितलं. "मी तिथंच उभी होतो. डोक्शावर घागर होती माह्या. थ्याइच्याच घरी चालली होतो पानी घेऊन."

परत येताना मी इंगोलेंना टेम्पो देशकरांच्या दारात न्यायला सांगितला.

ते व्हरांड्यात पेपर वाचत होते. मला बघून उठले. त्यांना वाटलं असावं की मी फळी परत द्यायला आले.

"बसा डॉक्टर. चहा..."

"तुम्ही सावरखेडच्या बंगल्यात राहत होता."

पेपर त्यांनी घडी घालून टेबलावर ठेवला. घडी नीट झाली नव्हती. पुन्हा उलगडून नीट केली.

"कुणी सांगितलं?"

"जिच्या हातचं पाणी प्यायलात तिने."

ते फाटकाकडे वळले. "तुम्हाला काय वाटतं, माझ्या एका शब्दाने ती जागा वाचली असती? वरून ठरलेलं होतं सगळं. मी काहीही म्हणालो असतो तरी उठवलीच असती."

"मग राहतात म्हणायचं होतं. उठवलीच असती, पण माणसं म्हणून तरी उठवली असती."

"तुम्हाला बोलायला सोपं आहे. समोर मोठा साहेब, मागे जीप चालू. तो विचारतो, तुम्ही एका वाक्यात उत्तर देता. संपलं. मला वाटलं होतं, संपलं." त्यांनी कपाळ चोळलं. "तुम्ही पहिलं घर त्या फळीवर ठेवलंत ना, तेव्हापासून मला त्या फळीसमोर उभं राहता येत नव्हतं."

"म्हणून काढून टाकलीत," मी म्हणाले. "पुन्हा."

आतून त्यांच्या पत्नी चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि आमच्याकडे बघून दारातच थबकल्या. मला त्या माणसाची कीव यायला हवी होती का? कदाचित. थकलेला दिसत होता, खांदे पडले होते. पण मला दिसत होता तो कापूस. प्रत्येक घराभोवती नीट गुंडाळलेला कापूस.

"आम्ही येत्या रविवारी तिथे विहीर बसवतोय," मी म्हणाले. "जागा कुणाला नक्की सांगता येत नाहीये. तुम्हाला येते."

"मी येणार नाही, डॉक्टर."

"मी बोलावलेलं नाही. फक्त सांगितलं." चहा न घेता मी निघाले.

त्या आठवड्यात मी प्रत्येक घर उखडलं आणि वळवलं. पाडलेली दारं बुजवून तिथे गवऱ्या थापल्या, मोहरीएवढ्या. रविवारी फळी, रंग आणि ब्रश घेऊन गेलो आणि दारं ज्याची त्याने रंगवली. रंग चौकटीबाहेर जात होता, आणि देशकरांच्या काटेकोर नजरेला त्यातलं एकही दार चाललं नसतं. निंब आणि पपई मी तारेची केली होती, त्यातली पपई फार उंच झालीय म्हणून मला कापायला लावली. विहीर तयार होती, प्लास्टरची, रहाटासकट. ती हातात घेऊन झिंगूबाई बसली होती आणि जागेवरून तेच भांडण नव्याने चाललं होतं.

इतक्यात माळावरून एक रिक्षा येताना दिसली.

देशकर उतरले. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. ओट्यापर्यंत यायला त्यांना खूप वेळ लागला. म्हाताऱ्यांनी ओळखलं, कुजबूज झाली आणि थांबली. आमच्या भागात दारी आलेल्या माणसाला आधी पाणी विचारतात. त्यांना कुणी विचारलं नाही.

"या सायेब," झिंगूबाई म्हणाली. उठली नाही. "विहीर कुठं होती ते दाखवा."

ते फळीच्या मागच्या बाजूला गेले. दारांकडे, अंगणांकडे बघत राहिले. मग वाकले आणि निंबाच्या थोडं अलीकडे, दोन अंगणांच्या मधे, बोट टेकवलं.

"इथे. पायऱ्या या बाजूने."

"हो ना!" एक म्हातारा ओरडला. "पायऱ्या तिकूनच होत्या! म्या म्हनत नव्हतो का?"

"एवढं ध्यानात हाये तुमच्या?" झिंगूबाईने विचारलं.

"हो."

"मंग तवा सायबाले कोनी रायत नाही म्हनून कायले सांगतलं?"

देशकरांचं बोट अजून फळीवर होतं.

"चूक झाली माझी."

झिंगूबाईने मान हलवली. रागाने नाही. हिशेब जुळत नाही तेव्हा हलवतात तशी.

"चूक मापात होते सायेब. तुम्ही तं माह्याकडे पाहून बोलले."

त्यांनी हात उचलला. थोडा वेळ उभे राहिले, कुणी आणखी काही म्हणेल म्हणून. आणि खरं सांगते, मलाही वाटत होतं की कुणीतरी काहीतरी म्हणावं, शिव्या तरी द्याव्यात. कुणी काही म्हणालं नाही. ते वळले आणि रिक्षाकडे चालायला लागले. पुढे ते मंडळातही आले नाहीत. मीही नाही गेले. फळी समाजमंदिरातच राहिली.

रिक्षा निघाली तेव्हा तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. झिंगूबाईने ओल्या प्लास्टरमध्ये विहीर दाबून बसवली होती, सगळे तिच्याभोवती वाकले होते आणि रहाट कुठल्या बाजूला होता यावरून नवं भांडण सुरू झालं होतं.